दहांपैकीं दहा गुण

[सुवर्णमहोत्सवाच्या पालकसभेंत, सायकलीनें शाळेस येणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेविषयीं केलेलें भाषण]



महोत्सवाच्या ह्या आठवड्यांत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, देवळाची बांधणी, गतकालीन धर्मगुरूंचे श्रम ह्यांविषयीं आमच्याहून योग्य अशा वक्त्यांनीं आपणांस पुष्कळ कांहीं सांगितलें. त्यांच्यामागून आम्ही ह्या व्यासपीठावर येऊन सायकलीविषयीं बोलणार, हें कित्येकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. परंतु दर रविवारीं धर्मशिक्षणाच्या वेळीं देवळाच्या भिंतीलगत सायकलींची एक रांग भरून दुसरी लागते, तिकडे आपलें लक्ष कधीं गेलें आहे काय? त्यांतील प्रत्येक सायकल म्हणजे एक मूल. तें देवाच्या घरीं एकटें आलें आणि त्याला आपल्या घरीं एकटेंच परत जावयाचें आहे. पन्नास वर्षें ज्या मंडळीनें हें देऊळ राखलें, त्या मंडळीनें देवळापासून घरापर्यंतची ती वाटही राखिली पाहिजे, एवढेंच आज आमचें मागणें आहे.

आपली वसईची भूमि सपाट, म्हणून सायकलीस अनुकूल. वडीलधाऱ्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं बापाच्या उंच सायकलीच्या मधल्या दांडीखालून पाय घालून, अर्धें अर्धें पायडल मारीत, गुडघे फोडीत ही विद्या संपादिली असेल. दूध, भाजी, केळीचे लोंगर, सारें सायकलीवरून गेलें. त्या काळीं वाटेंत बैलगाडी आडवी येई, आणि बैलास घंटा ऐकूं येत असे. आज त्याच अरुंद रस्त्यांवरून, त्याच वाड्यांच्या कुंपणांमधून, बावखलांच्या कांठांवरून टेंपो, मोटारी, मालमोटारी आणि रेतीचे डंपर धांवतात. रस्ता तोच, वांकण तेंच, मूल तेंच. मात्र समोरून येणारें वाहन पालटलें आहे.

सायकलीची कथा मोठी मनोरम आहे, ती थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. आज आपण जिला सायकल म्हणतों, म्हणजे सारख्या उंचीचीं दोन चाकें आणि मागच्या चाकास सांखळी असलेली, ती इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली ह्यांनीं १८८५ सालीं लोकांपुढें आणिली. तिच्या पूर्वीं पुढचें चाक अवाढव्य व मागचें चिमुकलें अशी सायकल असे आणि तीवरून पडणारा डोक्यावरच पडे. म्हणून ह्या नव्या सायकलीस ‘सुरक्षित सायकल’ असेंच नांव मिळालें. पुढें तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदविला. आपल्या लहानग्या मुलाची तिचाकी खडबडीत वाटेवर फार हादरते, हें पाहून त्याला ही युक्ति सुचली होती. म्हणजे ज्या टायरवर आज सारें जग चालतें, तो एका बापाच्या काळजींतून निघाला. तीच काळजी आपण पुढें चालवावयाची आहे.

आतां मूळ विषयाकडे वळतों. पांच वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पावसाळा तोंडावर आला होता. सातवीच्या वर्गांत आम्हीं वाहतुकीचे नियम शिकविले, फळ्यावर लिहून दिले, मुलांकडून पाठ करून घेतले आणि दहा प्रश्नांची परीक्षा घेतली. एका मुलास दहांपैकीं दहा गुण मिळाले. सहावा प्रश्न होता: ‘उजवीकडे वळण्यापूर्वीं सायकलस्वारानें काय करावें?’ मुलानें सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें: ‘मागें पाहावें, हात दाखवावा, समोरून वाहन येत नाहीं अशी खात्री करावी आणि मगच वळावें.’ आम्हीं त्यापुढें लाल शाईनें बरोबर अशी खूण केली आणि वर्गास ती उत्तरपत्रिका वाचून दाखविली.

त्यानंतर आठव्या दिवशीं तोच मुलगा शाळा सुटल्यावर घरीं जातांना, आपल्या वाडीच्या तोंडाशीं, मागें न पाहतां, हात न दाखवितां उजवीकडे वळला. मागून टेंपो येत होता. परमेश्वराच्या कृपेनें मुलगा वांचला. परंतु मांडीचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली आणि वर्षांतील अर्धें शिक्षण बुडालें. आम्ही रुग्णालयांत भेटीस गेलों, तेव्हां त्याची आई खाटेपाशीं बसली होती. ती आम्हांस रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, ‘‘सर, त्याला तर सारें येत होतें ना?’’

बंधुभगिनींनो, त्या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलास सारें येत होतें हें खरेंच होतें. गुण आम्हींच दिले होते. मग चुकलें कोठें? पुष्कळ दिवसांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं, उत्तर त्याच्या वहींत होतें, तें त्याच्या मानेंत नव्हतें. रोज ज्या वळणावर तो शेंकडों वेळां वळला होता, तेथें मान वळविण्याची संवय त्यास कोणीं लावलीच नव्हती. शाई हाताला लागते, परंतु हाताला वळण लावीत नाहीं. पोहण्याचे नियम पाठ करून कोणी बावखलांत उतरत नाहीं. मग रस्त्याचे नियम पाठ करवून आपण मुलांस रस्त्यावर कसें सोडतों?

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या मुलाच्या चुकीवर बोट ठेवून मोठ्यांनीं मोकळें व्हावें, असा आमचा हेतु नाहीं. तेरा वर्षांच्या मुलाची चूक मांडीच्या हाडाइतकी महाग पडावी, असे रस्ते कोणीं केले, त्यांवरून वाहनें कोणत्या वेगानें कोणीं हांकलीं, हा प्रश्न मोठ्यांचाच आहे आणि त्याकडे आम्ही शेवटीं येणार आहों. परंतु शिक्षकानें आरंभ आपल्या अपराधापासून करावा.

आम्हां कांहीं शिक्षकांनीं ठरविलें कीं, हा विषय फळ्यावरून उचलून अंगणांत न्यावयाचा आणि प्रश्नोत्तरांचा खेळ करून शिकवावयाचा. शाळेच्या पटांगणावर फक्कीनें रस्ते आंखले. एक चौक, एक आंधळें वळण, पायीं जाणारांसाठीं पांढऱ्या पट्ट्यांची जागा आणि वाडींतून मोठ्या रस्त्यावर निघणारी एक गल्ली. खुर्च्यांच्या उभ्या मोटारी झाल्या; लांब बांक एकापुढें एक ठेवून मालमोटार झाली. मुलांचे चार संघ केले. मधोमध शाळेची पितळी घंटा ठेविली. प्रश्न विचारावा, जो संघ प्रथम घंटा वाजवील त्यानें उत्तर द्यावें आणि गुण घ्यावा. मुलांस आनंद इतका झाला कीं तो कोलाहल देवळापर्यंत पोंहोचला आणि फादर काय झालें म्हणून पाहावयास आले.

परंतु तिसऱ्या दिवशीं आमचे डोळे उघडले. प्रश्न अर्धा झाला नाहीं तोंच मुलें घंटेवर झडप घालीत. जो अधिक उतावीळ त्यालाच अधिक गुण! रस्त्यावर ज्या दोषानें जीव जातो, तोच दोष आम्ही अंगणांत बक्षीस देऊन वाढवीत होतों. आम्हीं घंटा उचलून कपाटांत ठेविली आणि खेळ पुन्हां नव्यानें मांडला. तो कसा, हें थोडें विस्तारानें सांगतों. कारण ज्यांस आपल्या शाळेंत किंवा वाडींत तो मांडावयाचा असेल, त्यांस त्याचा उपयोग होईल.

पहिला नियम असा: प्रश्न विचारल्यावर कोणीं लागलीच उत्तर द्यावयाचें नाहीं. सर्वांनीं मनांत पांच अंक मोजावे आणि तेवढ्यांत एकदां उजव्या खांद्यावरून मागें पाहावें. मागें एक विद्यार्थी लाल, पिंवळें किंवा हिरवें असें कोणतें तरी निशाण क्षणभर वर करून खालीं घेतो. उत्तर देणारानें प्रथम निशाणाचा रंग सांगावा, मग उत्तर. रंग सांगतां न आल्यास उत्तर कितीही बरोबर असो, तें ऐकलेंच जात नाहीं. पहिल्या दिवशीं मुलांनीं कुरकुर केली. आठवड्याभरानें त्यांच्या माना आपोआप वळूं लागल्या. पुढें हेंच सायकलीवर बसवून केलें. मागें पाहतांना हँडल त्याच बाजूस वळतें आणि सायकल रस्त्याच्या मध्यावर जाते, हें मुलांस तेव्हांच कळलें. फक्कीच्या सरळ रेघेवरून न ढळतां मागें पाहणें ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती सरावावांचून येत नाहीं.

दुसरा नियम असा कीं, उत्तर तोंडानें न देतां करून दाखवावें. ‘काय करावें’ ह्यास एक गुण, ‘कां करावें’ ह्यास दोन.

तिसरा नियम: चुकणारा बाद होत नाहीं आणि त्याचा प्रश्न दुसऱ्या संघाकडेही जात नाहीं. त्याच्याच संघानें विचार करून त्याच्याकडूनच तें पुन्हां करवून घ्यावें. चुकीची लाज वाटली म्हणजे मूल चूक लपवितें, आणि अंगणांत लपलेली चूक रस्त्यावर निघते.

आतां प्रश्नांचे कांहीं मासले सांगतों.

चौकांत मालमोटार उभी आहे. तिच्या डाव्या अंगास सायकल जाईल एवढी जागा मोकळी आहे. पुढें जावें कीं थांबावें? जवळजवळ प्रत्येक मुलगा त्या फटींतून पुढें गेला. मग आम्हीं एकेकास बांकाच्या टोकावर चालकाच्या जागीं बसविलें, बाजूस पुठ्ठे उभे केले आणि विचारलें, ‘‘तुझा मित्र कोठें आहे?’’ मित्र हाताच्या अंतरावर होता, तरी दिसत नव्हता. नंतर दोघांकडून लांब बांक उचलवून डावीकडे वळविला. पुढचा मोठा फेरा घेऊन गेला; मागचा मात्र कोपरा कापीत आंतून आला आणि ज्या जागीं सायकल उभी होती ती जागा बांकानें व्यापिली. मालमोटार वळतांना तिचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत, आंतून जातात. हें वाक्य आम्हीं पूर्वीं तीन वर्षें फळ्यावर लिहिलें होतें. तें समजावयास एक बांक पुरला. त्या दिवसापासून मुलें एक म्हणच म्हणूं लागलीं: ‘चालकाचा चेहरा आरशांत दिसत नाहीं, तर चालकाला आपण दिसत नाहीं.’

दुसरा मासला थांबण्याचा. मुलानें वेगानें यावें आणि आम्हीं रुमाल टाकतांच ब्रेक दाबावा. परंतु आधीं, आपण कोठें थांबूं असें त्यास वाटतें, तेथें त्यानें एक खडा ठेवावा. खड्याच्या अलीकडे थांबलेलीं मुलें थोडीं! ताशीं १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदांत ४ मीटरांहून अधिक अंतर तोडते. डोळ्यानें पाहिलें, मनानें ओळखलें आणि हातानें ब्रेक दाबला, एवढ्यांत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच दोन माणसें निजतील एवढी जमीन मागें पडलेली असते. मग आम्हीं चाकांवर पाणी ओतलें आणि मुलांस पुन्हां खडा ठेवावयास सांगितलें. ओल्या चाकाच्या लोखंडी कडेवर रबराची पकड उशिरां बसते. खडा आणखीच मागें राहिला. पावसाळ्यांत वेग कमी करा, असें आम्हांस मग सांगावें लागलें नाहीं.

ब्रेक पुढचा दाबावा कीं मागचा? पुष्कळ मुलें पुढच्या ब्रेकास भितात व केवळ मागचाच दाबतात. थांबतांना सारा भार पुढें येतो, म्हणून पुढच्या चाकाची पकड अधिक. मागचें चाक हलकें होऊन घसरतें. परंतु पुढचा एकदम आवळला तर स्वार हँडलावरून पुढें उडतो. म्हणून दोन्ही मिळून, आणि पुढचा हळूहळू चढत्या जोरानें. हें उत्तर मुलांनीं आपल्या हातांनीं शोधून काढलें.

पहांटेच्या मिस्सेस येणाऱ्या मुलांसाठीं आम्हीं वर्गाच्या खिडक्या झांकून अंधार केला आणि निरनिराळे कपडे घालून मुलें भिंतीशीं उभीं केलीं. दूर उभ्या असलेल्या मुलानें बॅटरी मारून कोण प्रथम दिसतो तें सांगावें. पांढरा सदरा लौकर दिसला; काळा रेनकोट जवळ येईपर्यंत दिसलाच नाहीं; आणि मागच्या मडगार्डावरील तांबडा परावर्तक सर्वांच्या आधीं चमकला. परंतु बॅटरी बाजूस वळवितांच तोही विझला. परावर्तक हा दिवा नव्हे. दुसऱ्याचा उजेड पडेल तेव्हांच तो दिसतो. पूर्वीं सायकलीस दिवा नसला तर शिपाई अडवी, हें येथील वृद्धांस आठवत असेल. तो शिपाई गेला, म्हणून अंधार गेला नाहीं. पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा हवाच.

आणखी एक खेळ मुलांस फार आवडला. त्याचें नांव त्यांनींच ‘आजारी सायकल’ असें ठेविलें. एका सायकलींत आम्ही पांच दोष करून ठेवतों: टायरांत हवा कमी, ब्रेकचें रबर झिजलेलें, सांखळी सैल, हँडल वांकडें, घंटा मुकी. संघानें वैद्याप्रमाणें तपासून रोग सांगावे. त्यानंतर प्रत्येकानें आपली स्वतःची सायकल तपासावी. येथें आम्हांस लाज वाटण्याचा प्रसंग आला. कारण आमच्या बनावट रोग्याहून मुलांच्या खऱ्या सायकली अधिक आजारी निघाल्या. सांखळींत अडकणारी ओढणी, हँडलाला अडकविलेलें दप्तर, पाय जमिनीस न पोंहोचणारी थोरल्या भावाची सायकल, हीं दुखणीं निराळींच.

आमच्या हातून आणखी एक चूक घडली, तीही सांगतों. आरंभीं सायकलीवर मुलगेच बसत आणि मुलींकडे निशाणें धरण्याचें काम असे. एका मुलीनें विचारलें, ‘‘सर, आम्ही रस्त्यानें जात नाहीं का?’’ त्याच दिवशीं ती व्यवस्था बदलली. ज्यांच्या घरीं सायकल नाहीं, त्या मुलांसाठीं शाळेची एक सायकल ठेविली. शिवाय कोणी पायीं चालणारा, कोणी मोटारचालक होई. पदपथ नसेल तेथें पायीं जाणारानें समोरचें वाहन दिसेल अशा बाजूनें चालावें, आणि सायकलीनें मात्र वाहनांबरोबर डाव्याच बाजूनें जावें, हा भेद मुलांस ह्या अदलाबदलींतच उमगला.

तथापि अंगण म्हणजे रस्ता नव्हे. इंग्लंडांत १९४७ सालीं मुलांसाठीं सायकलीची परीक्षा सुरू झाली, १९५८ सालीं सरकारनें तिला देशभर आधार दिला, आणि २००७ सालीं तिची नवी रचना झाली. त्या रचनेंत तीन पायऱ्या आहेत: प्रथम अंगण, मग शांत रस्ता, मग वर्दळीचा रस्ता. हॉलंडांत प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलें लेखी परीक्षा तर देतातच. पुष्कळ ठिकाणीं खऱ्या रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवितात आणि वाटेंत उभे असलेले परीक्षक त्यांस पाहतात. ह्यांपासून धडा घेऊन आम्हींही, दुपारच्या शांत वेळीं, पांच पांच मुलें, पुढें एक व मागें एक शिक्षक, असे वाडीच्या रस्त्यावर जाऊं लागलों. प्रश्न तेच, उत्तर मात्र खऱ्या वळणावर.

आतां त्या मुलाकडे वळूं. सहा महिन्यांनीं तो शाळेंत परत आला. प्रथम तो सायकलीस हात लावीना. पटांगणाच्या कडेला बसून पाही. आम्हीं त्यास प्रश्न विचारणारा केलें. एके दिवशीं त्यानें सर्व संघांस प्रश्न घातला: ‘‘मी मागें पाहिलें, हात दाखविला, पण मागचा टेंपो थांबत नाहीं. तर काय करावें?’’ मुलें गप्प झालीं. शेवटीं एका लहान मुलीनें उत्तर दिलें: ‘‘वळूंच नये. डाव्या कडेला थांबावें, उतरावें, टेंपो जाऊं द्यावा, आणि सायकल हातांत धरून चालत पलीकडे जावें.’’ त्यानें तिला पूर्ण गुण दिले. मग त्यानें आमच्याकडे पाहून विचारलें, ‘‘आणि सर, टेंपोवाला कां थांबत नाहीं?’’

ह्या प्रश्नास मुलांपैकीं कोणीं उत्तर देणें न्याय्य नव्हतें. म्हणून आम्हीं पालकांस बोलावून एका सायंकाळीं हाच खेळ मोठ्यांस खेळावयास लाविला. प्रश्न मुलांनीं विचारावयाचे, उत्तरें आईबापांनीं द्यावयाचीं. आपणांपैकीं कित्येकजण त्या दिवशीं उपस्थित होते. त्यांचीं नांवें आम्ही सांगत नाहीं, कारण गुणही सांगावे लागतील! वीस वर्षें गाडी चालविलेल्या एका सद्गृहस्थांस खुर्चीच्या मोटारींत बसवून मुलांनीं म्हटलें, ‘‘काका, उतरा.’’ काकांनीं मागें न पाहतां उजवें दार, म्हणजे दाराच्या जागीं धरलेला पुठ्ठा, धाडकन् उघडला आणि मागून येणारी मुलगी सायकलीसह त्यावर आदळली. पुठ्ठाच होता म्हणून सारे हंसले. क्षणभरानें कोणी हंसेना. त्याच मुलीनें मग काकांस शिकविलें: उजवें दार डाव्या हातानें उघडावें, म्हणजे देह आपोआप वळतो आणि मागचा रस्ता दिसतो. एवढी लहान गोष्ट! परंतु तिच्यांत एखाद्याचें आयुष्य सांपडलेलें असतें.

मंडळी, ही काळजी आपल्याच वाडीची नव्हे. भारतांत २०२२ ह्या एका वर्षांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवरील अपघातांत मरण पावलीं, असें केंद्र सरकारच्या अहवालांत नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, पांच ते एकोणतीस वर्षें वयाच्या मुलांस व तरुणांस मरण आणणाऱ्या कारणांत पहिलें कारण कोणताही रोग नसून रस्त्यावरील अपघात हेंच आहे. देवीच्या रोगास आपण लस टोंचून हटविलें. ह्या रोगाची लस म्हणजे रस्ता, वेग आणि संवय ह्या तिन्हींची सुधारणा. आमच्या खेळानें तिसरीचा अल्पसा भाग साधतो. त्यानें सर्व अपघात टळतील, असें म्हणणें खोटें होईल. म्हणूनच उरलेला भाग आज आपणांपुढें मागणें म्हणून ठेवतों.

पहिलें मागणें: रविवारीं मिस्सेच्या वेळीं देवळाच्या फाटकाजवळील वळणावर कोणीं मोटार उभी करूं नये. त्या मोटारीआड मूल दिसत नाहीं. दोनशें पावलें चालण्यानें भक्ति उणी होत नाहीं.

दुसरें: आपापल्या वाडीच्या तोंडाशीं वाढलेलें कुंपण, सायकलीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्याच्या खालीं राहील असें छाटावें.

तिसरें: कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं मोटारसायकल देऊं नये. अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीस सोळा वर्षांची मर्यादा आहे. आणि २०१९ सालच्या सुधारणेनें, अल्पवयीन मुलाच्या हातून अपराध घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो. परंतु कैदेच्या भीतीनें नव्हे, लेंकराच्या मायेनें हें पाळावें.

चौथें: दर शनिवारीं सायंकाळीं, रोझरीपूर्वीं, घरांतील सायकलीची हवा, ब्रेक, सांखळी, घंटा आणि दिवा बापानें व मुलानें मिळून पाहावा. ह्यास पांच मिनिटें लागतात.

पांचवें आणि शेवटचें: आम्हांस पैसे नकोत, महिन्यांतून दोन तास देणारीं मोठीं माणसें हवीं आहेत. अंगणांत निशाण धरावयास, रस्त्यावर मुलांच्या मागून चालावयास. महोत्सवाची पताका उतरेल, रोषणाई विझेल. परंतु हें एक काम वर्षानुवर्षें चालू राहिलें, तर महोत्सव खरोखर साजरा झाला असें आम्ही समजूं.

इटलींत कोमो सरोवराजवळच्या डोंगरावर गिसालो येथें पवित्र मरियेचें एक लहानसें देऊळ आहे. १९४९ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं गिसालोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून जाहीर केलें. तेथें भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगल्या आहेत, आणि त्यांतच १९९५ च्या फ्रान्सच्या शर्यतींत पडून मृत्यु पावलेल्या फाबियो कासार्तेल्ली ह्या तरुणाची मोडकी सायकलही आहे. विजय आणि मरण दोन्ही एकाच मातेच्या पायांशीं ठेविलेलीं आहेत. आपलीं मुलेंही तिच्या हवालीं करूं या. परंतु हवालीं करण्यापूर्वीं त्यांचा ब्रेक पाहून घेऊं या. ज्यानें आपणांस डोळे दिले, त्याची प्रार्थना डोळे झांकून करावी, आणि रस्ता मात्र डोळे उघडे ठेवून चालावा.

परवांची गोष्ट सांगून थांबतों. आम्ही सायंकाळीं सायकलीनें घरीं जात होतों. पुढें थोड्या अंतरावर तोच मुलगा चालला होता. आतां तो कॉलेजांत जातो; आम्ही मागें आहों, हें त्यास ठाऊक नव्हतें. त्याच्या वाडीचें तोंड आलें. वेग कमी झाला. मान उजव्या खांद्यावरून वळली. त्यानें आम्हांस पाहिलें. मग हात लांब केला, समोर पाहिलें आणि वळला. वळतां वळतां ओरडला, ‘‘सर, निशाण कोणत्या रंगाचें?’’

आम्हांस दहांपैकीं दहा गुण देण्याचा तो एकच प्रसंग खरा वाटला.